समीकरण मांडायचे कोणत्या भाषेत?

गेल्या पावसाळ्यात गोव्यातील आमच्या डिचोली तालुक्यातील गावची दहावीतील एक मुलगी संध्याकाळी गणिताची वही घेऊन माझ्याकडे येत असे. चौथीपर्यंत ती गावातल्याच मराठी प्राथमिक शाळेत शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या विद्यालयात जाऊ लागली. दोन समीकरणे लिहून दिली की पाच मिनिटांच्या आत ती क्ष आणि य यांच्या किमती काढून दाखवी. एका चलाचा, म्हणजे अज्ञात राशीचा, लोप करणे, मिळालेली किंमत परत घालून दुसरी काढणे, शेवटी ताळा पाहणे, या सगळ्यात तिचा हात बसलेला होता. पण एके दिवशी वयाचे एक साधे उदाहरण तिच्यापुढे आले. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे आणि ‘टेन इयर्स हेन्स’ ते दुप्पट होईल, असे इंग्रजीत लिहिलेले ते वाक्य तिने तीन वेळा वाचले आणि मला विचारले, "टीचर, दहा वर्षे म्हणून, म्हणजे काय?"

‘हेन्स’ हा शब्द तिला अपरिचित नव्हता. भूमितीच्या प्रत्येक सिद्धतेखाली ती ‘हेन्स प्रूव्हड’ असे लिहीत आली होती आणि तेथे त्या शब्दाचा अर्थ ‘म्हणून’ असाच आहे. तिने लावलेला अर्थ चुकीचा होता, पण तो विचार करून लावलेला होता. मी तिला म्हटले, "आज बाप मुलाच्या तिप्पट वयाचा आहे, दहा वर्षांनी तो दुप्पट वयाचा होईल." पुढे काहीही न विचारता तिने मुलाचे वय क्ष आणि वडिलांचे वय य मानून दोन ओळी लिहिल्या: य = ३क्ष आणि य + १० = २(क्ष + १०). मुलगा दहा वर्षांचा, वडील तीस वर्षांचे. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. तिला गणित येत होते. अडले होते ते एका इंग्रजी शब्दावर, आणि हाच प्रश्न परीक्षेत आला असता तर तिच्या गुणपत्रिकेत ती उणीव गणिताच्या नावावर जमा झाली असती.

माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे गणित शिकवले आणि ही गोष्ट मी दर वर्षी पाहिली, म्हणून हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की शाब्दिक उदाहरणाचे दोन भाग असतात, एक समीकरण मांडण्याचा आणि दुसरा ते सोडवण्याचा. त्यांपैकी पहिला भाग वाचनाचा आहे, आणि तो वाचण्यासाठी गोव्यातील मुलाला त्याला नीट समजणारी भाषा परीक्षेच्या कागदावर मिळाली पाहिजे.

दहावीच्या गणिताच्या पुस्तकातील तिसरे प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या जोडीचे आहे. महाराष्ट्रातील मराठी पुस्तके यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात आणि त्या नावात या विषयाचे मर्म चांगले आले आहे: दोन अटी एकाच वेळी पाळणारी एकच जोडी शोधायची. आलेख काढून दोन रेषा कोठे छेदतात ते पाहता येते, एका चलाची किंमत दुसऱ्याच्या भाषेत लिहून ती घालता येते, किंवा सहगुणक, म्हणजे चलाला गुणणारे आकडे, सारखे करून एका चलाचा लोप करता येतो. यातली कोणतीही रीत सरावाने पक्की होते. सरावाने येत नाही ती त्याच्या अगोदरची पायरी, म्हणजे चार ओळींच्या कथनात काय अज्ञात आहे, कशाविषयी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्या दोन राशी समान आहेत हे ओळखणे. शिकवणारेही येथेच घाई करतात. फळ्यावर ‘क्ष मानू, य मानू’ असे आपणच लिहितात, समीकरणेही आपणच मांडतात आणि मग ‘सोडवा’ म्हणतात. मीही सुरुवातीची काही वर्षे असेच शिकवले आणि त्याचे मला आज वाईट वाटते, कारण जे मुलांनी करायला हवे होते ते मी केले आणि जे सरावाने आपसूक येणार होते ते त्यांच्याकडून घोटवून घेतले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग गणितशिक्षणात प्रसिद्ध आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील दीडशे विद्यार्थ्यांना दिलेला एक प्रश्न आहे: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहा. सुमारे ३७ टक्के विद्यार्थी चुकले आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी समीकरण उलटे लिहिले, ६वि = प्रा. इंग्रजी वाक्यात ‘सिक्स टाइम्स’ हे शब्द आधी येतात, लगेच ‘स्टुडंट्स’ येतात आणि ‘प्रोफेसर्स’ शेवटी. शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने चिन्हे मांडली की बरोबर हेच चुकीचे समीकरण तयार होते. आता हेच वाक्य मराठीत वाचून पाहा. प्राध्यापकांच्या, सहापट, विद्यार्थी. शब्दांच्या क्रमाने गेलो तर प्राध्यापकांची संख्या घ्या, तिची सहापट करा, ते विद्यार्थी झाले, म्हणजे ६प्रा = वि, आणि हे बरोबर आहे.

हा योगायोग नाही. मराठीत ‘पेक्षा’, ‘च्या’, ‘ने’ हे सगळे नामाच्या मागून लागते आणि क्रिया शेवटी येते. ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ असे म्हटले की संख्या, तिची दुप्पट, मग ५, मग वजाबाकी, अशा ज्या क्रमाने क्रिया करायच्या त्याच क्रमाने शब्द येतात आणि २क्ष − ५ जणू आपोआप लिहिले जाते. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’ यात पाच पहिला येतो, म्हणून ५ − २क्ष असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. कोकणीतही ‘परस’ आणि ‘उणें’ यांची जागा मराठीतल्यासारखीच आहे. म्हणजे आमच्या घरची भाषा या ठिकाणी मुलाला बोट धरून योग्य रस्त्याने नेते आणि ते बोट आपण पाचवीत सोडवतो. क्लेमंट यांनी शब्दांच्या क्रमाशिवाय आणखीही एक कारण दाखवले आहे, ते म्हणजे ‘वि’ हे अक्षर विद्यार्थ्यांच्या संख्येऐवजी ‘विद्यार्थी’ या शब्दाचे संक्षिप्त रूप समजले जाते आणि मोठ्या गटाजवळ मोठा आकडा ठेवावासा वाटतो. ही चूक कोणत्याही भाषेत होऊ शकते. भाषा बदलल्याने सगळ्याच चुका संपतील असा माझा दावा नाही. एक मोठा अडथळा कमी होईल, एवढाच आहे.

मराठीचे स्वतःचे खाचखळगेही आहेत आणि ते शिकवणाऱ्याने लपवू नयेत. ‘अ हा ब पेक्षा ५ ने मोठा’ हे वाचून ‘मोठा’ म्हणजे बेरीज असे धरून अ + ५ = ब लिहिले जाते. ‘तिप्पट झाले’ आणि ‘तिपटीने वाढले’ यांत फरक आहे की नाही यावर मोठी माणसेही वाद घालतात. आणि दोन अंकी संख्यांच्या उदाहरणांत आमची संख्यानामे मध्ये येतात: छत्तीस म्हणताना आपण सहा आधी उच्चारतो आणि तीस नंतर, पण लिहिताना तीन आधी. अंकांची बेरीज ९ आहे आणि अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते, या उदाहरणात दशकस्थानी क्ष की य, असा घोटाळा मराठी बोलणाऱ्या मुलांत हटकून होतो. मात्र याच उदाहरणाचे उत्तर ३६ आहे, उलट केले की ६३ होतात, आणि ज्या भाषेत एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या दोघांचा ‘छत्तीसचा आकडा’ असतो त्या भाषेतील मुलाला पाठमोरे ३ आणि ६ जागा बदलून समोरासमोर येतात हे एकदा फळ्यावर दाखवले तर ते उदाहरण त्याच्या मनातून पुसले जात नाही. ‘एकोणतीस’ या शब्दात तर तीसमधून एक वजा केलेलाच आहे, आणि ‘पावणेदोनशे’ म्हणताना दोनशेतून शंभराचा पाव भाग वजा होतो. बीजगणिताची इतकी तयारी ज्या भाषेच्या पोटात आहे, ती वर्गाच्या दाराबाहेर उभी राहते याचा मला खेद होतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ विकायला बसलेल्या बाईची कल्पना करा. समजा मोठा नारळ ४० रुपयांना आहे आणि लहान २५ रुपयांना. दिवसभरात ४० नारळ गेले आणि १,१८० रुपये जमले. मोठे किती गेले? पुस्तकाच्या रीतीने क्ष + य = ४० आणि ४०क्ष + २५य = १,१८० ही समीकरणे होतात. बाजाराच्या रीतीने विचार असा होतो की सगळे लहानच गेले असते तर हजार रुपये आले असते; आले आहेत १८० जास्त; एका मोठ्या नारळामागे १५ जास्त मिळतात; म्हणून मोठे बारा आणि लहान अठ्ठावीस. या तोंडी हिशेबाला आपण सहसा ‘अंदाजाची रीत’ म्हणून बाजूला सारतो, पण तो लोपाचीच रीत आहे. ‘सगळे लहान धरू’ म्हणणे म्हणजे पहिल्या समीकरणाला २५ ने गुणणे, ‘जास्त किती आले’ हे पाहणे म्हणजे ते दुसऱ्यातून वजा करणे; उरते १५क्ष = १८०. हे दोन्ही मार्ग फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले तेव्हा मुलांचे चेहरे कसे उजळतात ते मी पाहिले आहे. ज्या मुलाची आई बाजारात बसते, त्याला त्या दिवशी कळते की आपल्या घरात बीजगणित होतेच, फक्त त्याला क्ष आणि य ही अक्षरे नव्हती.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात कराहेर दांपत्य आणि श्लीमन या संशोधकांनी १९८५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो गोव्यातील वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यातील बारा वर्षांचा एक मुलगा नारळच विकत होता. एक नारळ ३५ क्रूझेरोंना, तर दहा नारळांचे किती, असे विचारल्यावर त्याने तीन नारळांचे १०५ धरून ते तीनदा मिळवले आणि उरलेल्या एकाचे ३५ जोडून ३५० सांगितले. नऊ ते पंधरा वर्षांच्या त्या पाच मुलांची बाजारातील उत्तरे ९८ टक्के बरोबर होती. तसलेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा ३७ टक्के. आणि कथेच्या रूपात, म्हणजे शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तेव्हा ७४ टक्के. पाच मुले म्हणजे थोडी आहेत, हे खरे. पण शाब्दिक उदाहरण हे नुसत्या आकडेमोडीपेक्षा कठीणच असते असे आपण जे गृहीत धरतो, ते त्या मुलांच्या बाबतीत उलटे निघाले. ती कथा त्यांच्या ओळखीच्या व्यवहाराची होती आणि त्यांच्याच पोर्तुगीज भाषेत होती.

आता गोव्याकडे येऊ. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत पूर्वी अक्षर पोचले नव्हते तेथे ते पोचले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ साली ते इंग्रजी शाळांसाठी सैल झाले, आणि त्यावरून जी आंदोलने झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली. त्या लढ्यात माझी सहानुभूती मातृभाषेच्या बाजूने होती आणि आजही आहे. पण इतक्या वर्षांच्या या वादात एक गोष्ट राहून गेली. आपण भांडलो ते चौथीपर्यंतच्या शाळेसाठी. पाचवीपासून पुढे बहुतेक सगळ्या शाळांत माध्यम इंग्रजी आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी जणू न बोलता मान्य केले. ज्या वर्गांत वाक्यावरून समीकरण मांडण्याची, म्हणजे भाषा आणि गणित यांची खरी सांगड घालण्याची वेळ येते, ते सगळे वर्ग या सीमारेषेच्या पलीकडे आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहेच, पण त्याच प्रकरणात विज्ञान आणि गणितासाठी द्विभाषिक पुस्तके तयार करण्याचीही शिफारस आहे. या दुसऱ्या शिफारशीची चर्चा गोव्यात व्हायला हवी तेवढी झाली नाही. अभियांत्रिकीची जेईई मेन ही प्रवेश परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत घेतली जाते. त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. देशातील सर्वांत चुरशीच्या परीक्षांपैकी एकीला जर प्रश्न अनेक भाषांत छापता येतात, तर लहानशा गोव्याच्या दहावीच्या परीक्षेला ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

यावर पालक मला सांगतात, आणि त्यांचे म्हणणे मनापासूनचे असते, की पुढे सगळे इंग्रजीतच करायचे आहे, मग मुलाला आताच सवय का लावू नये? मी इंग्रजी काढून टाका असे म्हणतच नाही. ‘व्हेरिएबल’, ‘कोइफिशंट’, ‘एलिमिनेशन’ हे शब्द मुलाने शिकावेत. चल, सहगुणक आणि लोप हे शब्द तरी घरात कोण बोलते? पारिभाषिक शब्द कोणत्याही भाषेत नव्यानेच शिकावे लागतात. माझा आग्रह कथनापुरता आहे, त्या चार ओळींपुरता. प्रश्न इंग्रजीत छापा आणि त्याच्याच खाली तो मराठीत व कोकणीत छापा; उत्तर मुलाने हव्या त्या भाषेत लिहावे. दोन्ही मजकूर शेजारी असले की इंग्रजीही सुधारते, कारण ‘हेन्स’ म्हणजे येथे ‘यानंतर’, हे मुलाला तेथल्या तेथे दिसते. मात्र ते मराठी भाषांतर कार्यालयीन असता कामा नये. ‘एका द्विअंकी संख्येतील एकक व दशक स्थानीय अंकांची परस्पर अदलाबदल केली असता प्राप्त होणारी संख्या’ असे लिहिले तर त्यापेक्षा इंग्रजी बरे. ते वाक्य शिक्षकाने वर्गात तोंडी सांगितल्यासारखे असावे.

उदाहरणांचा विषयही इथला असावा असे मला वाटते, पण सफरचंदांच्या जागी काजू घातले म्हणजे उदाहरण गोव्याचे होत नाही. पुस्तकातील नावेची नदी नेहमी एकाच दिशेने वाहते. दिवाडी बेटावरच्या मुलाने मांडवी नदीचे पाणी भरतीला आत शिरताना आणि ओहोटीला बाहेर जाताना रोज पाहिले आहे. खनिज नेणारे बार्ज याच वेळा सांभाळून चालत. एक लाँच २४ किलोमीटर अंतर ओहोटीबरोबर २ तासांत तोडते आणि तेच अंतर ओहोटीच्या विरुद्ध परत यायला तिला ३ तास लागतात, तर लाँचचा वेग किती आणि पाण्याचा किती? क्ष + य = १२, क्ष − य = ८; लाँच ताशी १०, पाणी ताशी २. यावर तो मुलगा हात वर करून विचारतो की येता येता भरती लागली तर काय, आणि त्या प्रश्नावर अर्धा तास गेला तरी तो तास कारणी लागला असे मी मानते. असे प्रश्न लिहिणे हे शिक्षकांचेच काम आहे, अनुवादकांचे नव्हे.

अक्षरांच्या बाबतीतही संकोच नसावा. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली आणि त्यांची पहिली अक्षरे घेऊन समीकरणे लिहिली. त्यांच्या बीजगणितातील एक उदाहरण मी प्रत्येक वर्गाला घालत असे: एक मित्र म्हणतो, मला शंभर दे म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन, दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. पहिल्याकडे ४० आणि दुसऱ्याकडे १७०. येथे मुले हमखास चुकतात ती एकाच जागी: दिलेले शंभर देणाऱ्याकडून वजा करायला विसरतात. मी वर्गातील दोन मुलांना उभे करून त्यांना हे संवाद म्हणायला लावी आणि खडूचे तुकडे प्रत्यक्ष द्यायला लावी. मग क्ष + १०० = २(य − १००) ही ओळ मुले स्वतः सांगत.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गोव्याच्या वर्गात आज फक्त मराठी आणि कोकणी बोलणारी मुले नसतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबांतील कन्नड बोलणारी मुले आहेत, हिंदी बोलणारी आहेत. प्रश्नपत्रिकेवर किती भाषा छापणार? छापण्याला मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. पण शिक्षकाला एक गोष्ट कोणत्याही परिपत्रकाशिवाय उद्यापासून करता येईल: उदाहरण वाचून झाल्यावर पेन उचलण्याआधी मुलाने ते आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत सांगावे. मी शिकवत असताना विजापूरकडून आलेल्या एका मुलाला मी फळ्याजवळ बोलावून नारळांचे असेच एक उदाहरण शेजारच्या मुलाला कन्नडमध्ये सांगायला लावले होते. मला त्यातले एक अक्षर कळले नाही. सांगता सांगता तो मध्येच थांबला, वळला, आणि खडू मागून घेऊन त्याने दुसरे समीकरण लिहिले.